बाळ कधी नाचायला लागतं? घरबसल्या केलेल्या एका मोजणीचं प्रकरण

प्रयोगशाळेत आणलेलं दहा-अकरा महिन्यांचं बाळ सहसा नाचत नाही. जागा नवी, माणसं अनोळखी, दुपारची झोप मोडलेली. आईच्या खांद्याला चिकटून ते इकडेतिकडे टकामका बघत राहतं, आणि ठरलेला वेळ संपून जातो. तेच बाळ घरी मालिकेचं शीर्षकगीत लागलं की टीव्हीच्या टेबलाला धरून गुडघ्यांत वाकतं, वर-खाली होतं आणि आपल्याकडे कोण कोण बघतंय ते वळून पाहतं. बालविकासाचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण फार जुनी आहे. जे मोजायचं ते घरात घडतं आणि मोजायची साधनं असतात प्रयोगशाळेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या मिन्जू किम आणि अडीना शॅकनर यांनी यातून जी वाट काढली, ते हे प्रकरण. त्यांचा निबंध २०२३ मध्ये ‘डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यांनी बाळांना प्रयोगशाळेत बोलावलंच नाही. जन्मल्यापासून २४ महिन्यांपर्यंतच्या २७८ बाळांच्या पालकांना ऑनलाइन प्रश्नावली दिली आणि बाळाच्या नाचाबद्दल विचारलं. इतकी साधी पद्धत पाहून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. माझं मत उलट आहे. लय आणि हालचाल यांच्या विकासातल्या काही गोष्टी महिन्यांच्या मापाने मोजायच्या असतात आणि काही मिलिसेकंदांच्या. घर पहिल्या कामाला उत्तम आहे, दुसऱ्याला फार अवघड. हा अभ्यास त्या मर्यादेच्या आत राहिला म्हणून टिकतो.

प्रयोगशाळेला काय दिसलं होतं

या क्षेत्रातला मोठा संदर्भ म्हणजे मार्सेल झेन्टनर आणि तुओमास एरोला यांचा २०१० चा अभ्यास. फिनलंड आणि स्वित्झर्लंडमधली ५ ते २४ महिन्यांची १२० बाळं त्यात होती. बाळ आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसलेलं, आणि पालकांच्या कानांवर हेडफोन. बाळाला ऐकू येणारं संगीत पालकांना ऐकू आलं तर त्यांची मांडी नकळत हलते, आणि मग बाळ संगीतावर हललं की मांडीवर, हे सांगता येत नाही. म्हणून ही खबरदारी. बाळांना कधी संगीत ऐकवलं, कधी नुसते समान अंतराचे ठोके, कधी बोलणं.

संगीत आणि ठोके ऐकताना बाळं लयदार हालचाल बरीच जास्त करत होती, बोलणं ऐकताना कमी. संगीताची गती वाढली की हालचालही काही प्रमाणात जलद होत होती. पण ठोक्यावर ठोका पडत नव्हता. म्हणजे गतीची जाण दिसते, तालात राहणं दिसत नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ज्या बाळांची हालचाल संगीताशी जास्त जुळत होती, ती हसतही जास्त होती.

या प्रयोगाची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, पण तीच त्याची मर्यादाही आहे. मांडीवर बसलेलं बाळ उभं राहून ठुमकू शकत नाही. ज्यांच्याकडे बघून ते एरवी नाचतं, त्या माणसांना ऐकू येत नाही आणि त्यांनी प्रतिसादही द्यायचा नाही. शिवाय हे एका भेटीचं चित्र. पहिल्यांदा कधी, रोज किती वेळा, गेल्या महिन्यापेक्षा आता काय वेगळं, याचं उत्तर अशा भेटीतून मिळणार नाही.

पालकांना काय विचारलं

किम आणि शॅकनर यांनी नाचाची व्याख्या मोकळी ठेवली: संगीत चालू असताना बाळाने केलेली, आणि पालकांना नाच वाटलेली हालचाल. त्यावर आधारित प्रश्न असे की बाळ सध्या कसं आणि किती नाचतं, पहिल्यांदा कधी नाचलं, बसणं-उभं राहणं-चालणं यांत ते कुठवर आलंय, आणि तुम्ही स्वतः बाळासाठी किंवा बाळाला घेऊन नाचता का.

उत्तरांतून निघालेला मुख्य आकडा असा की १२.८ महिन्यांपर्यंत ९० टक्के बाळं ओळखू येईल असा नाच करत होती. जी नाचत होती ती सरासरी जवळजवळ रोज नाचत होती. वय आणि अंगातलं बळ वाढेल तशा हालचालींच्या तऱ्हा वाढत होत्या आणि नाचणंही वारंवार होत होतं. आणि नाच कधी सुरू होतो हे केवळ हालचालींच्या विकासावर ठरत नव्हतं.

हा शेवटचा निष्कर्ष समजून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेचं २००६ मधलं मोजमाप शेजारी ठेवून बघावं. त्यात घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतल्या बाळांचे सहा टप्पे नोंदवले होते. भारतातलं केंद्र दिल्लीचं. आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं पसरलेलं निघालं, धरून उभं राहण्याचं ४.८ ते ११.४. ४.३ टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढे गेली. दोन्ही अभ्यासांतली मुलं वेगळी असल्यामुळे आकडे एकमेकांवर तंतोतंत बसवता येणार नाहीत. पण १२.८ महिन्यांना कित्येक बाळं अजून एकटी चालत नसतात एवढं नक्की. म्हणजे त्यांतली बरीच चालण्याआधी नाचतात. बसल्या बसल्या अंग डोलवणं, हात हलवणं, धरून उभं राहून गुडघे वाकवणं, असा तो नाच असणार. पाय स्थिर होण्याची वाट तो बघत नाही.

मग तो कशाची वाट बघतो? इथे २००५ मधला एक प्रयोग आठवतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना कुठेही जोर नसलेली एक लय ऐकवली, आणि ती वाजत असताना काहींना दर दुसऱ्या ठोक्याला, काहींना दर तिसऱ्या ठोक्याला वर-खाली केलं. नंतर जोर दिलेल्या लयी ऐकवल्या, तेव्हा ज्याला जसं झुलवलं होतं तशी लय ते बाळ जास्त वेळ ऐकत राहिलं. तीच लय, पण शरीराने ती वेगवेगळी विभागून घेतली. हे लक्षात घेतलं की ‘तुम्ही बाळाला घेऊन नाचता का’ हा प्रश्न प्रश्नावलीत का हवा ते उमजतं. आपल्याकडे बाळ पायांवर झुलवलं जातं, पाळण्यात हलवलं जातं, कडेवर घेऊन आरतीच्या टाळ्यांत उभं केलं जातं. त्याच्या अंगात लय आधी दुसऱ्याच्या अंगातून येते.

आठवणीवर किती विसंबायचं

पालकांच्या सांगण्यावर पहिला आक्षेप आठवणीचा. दीड वर्षाच्या मुलाच्या आईला ‘पहिल्यांदा कधी नाचला’ विचारलं तर ती एखाद्या प्रसंगाला धरून सांगेल: मावशीच्या लग्नात, किंवा गणपतीत मिरवणूक दारावरून गेली तेव्हा. असे प्रसंग तारखेचे पक्के असतात, पण पहिलेच असतील असं नाही. त्याआधीची स्वयंपाकघरातली चार-दोन ठुमकणी निसटून जातात.

शब्दसंपत्ती मोजणाऱ्यांनी यावर एक उपाय काढलेला आहे. मॅकआर्थर-बेट्स याद्यांमध्ये पालकांना ‘बाळ कोणते शब्द बोलतं’ असं विचारत नाहीत. छापील यादी देतात आणि त्यातल्या आज ऐकू येणाऱ्या शब्दांवर खूण करायला सांगतात. आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं, आणि मागच्यापेक्षा आजचं सांगणं पक्कं. नाचाच्या अभ्यासातही सध्याच्या वागण्याचे प्रश्न होते, आणि मला तोच भाग जास्त भरवशाचा वाटतो. पहिल्या नाचाच्या तारखेसाठी पालकांना फोनची गॅलरी उघडायला सांगावं. व्हिडिओवर तारीख असते. अर्थात तो व्हिडिओ पहिल्या नाचाचा नसतो, वेळेवर फोन हाती लागला त्या दिवसाचा असतो. म्हणून त्यावरून ‘या तारखेपर्यंत तरी सुरू झालं होतं’ एवढंच म्हणायचं. तेवढंही खूप आहे.

अशा माहितीत आणखी एक खाच असते. सहा महिन्यांचं बाळ अजून नाचलेलं नसेल तर त्याचं उत्तर ‘नाही’ नसतं, ‘अजून नाही’ असतं. ही बाळं गणितातून वगळली तर उरतात फक्त लवकर नाचलेली, आणि सरासरी वय खोटं खाली येतं. लहान मुलांच्या कुठल्याही टप्प्याचा आकडा वाचताना या ‘अजून नाही’वाल्यांचं काय केलं ते बघावं.

माझा सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र आठवणीबद्दल नाही. प्रयोगशाळेत संगीताच्या जोडीला बोलणंही ऐकवलं होतं, त्यामुळे तुलना झाली. पालकाला मात्र संगीत चालू असतानाच्या हालचालींबद्दलच विचारलं आहे. नऊ महिन्यांचं बाळ दिवसभर हात आपटतं, उसळ्या मारतं. मिक्सर चालू असतानाही मारतं. त्यातली गाण्यावर पडलेली उसळी पालकाच्या नजरेत भरते आणि बाकीच्या विसरल्या जातात. हे भोक बुजवायचं तर घरातच थोडा वेळ संगीत लावून आणि तेवढाच वेळ न लावता चित्रण हवं. आणि चित्रण आलं की मिलिसेकंदांचा प्रश्न आला.

कॅमेरा घरात आला की

शॅकनर यांना इंटरनेटवरच्या व्हिडिओंचं काम नवं नाही. २००९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर यूट्यूबवरचे नाचणाऱ्या प्राण्यांचे हजाराहून जास्त व्हिडिओ तपासले होते. संगीताशी हालचाल जुळत असल्याचा पुरावा सापडला तो पोपटांच्या १४ जातींत आणि आशियाई हत्तीत. मुलांसाठीही घरगुती चित्रणाची उदाहरणं आहेत. लॉरा सिरेली आणि सँड्रा ट्रेहब यांनी २०१९ मध्ये १९ महिन्यांच्या एका मुलीच्या घरातल्या नाचाची बारकाईने नोंद केली. ओळखीच्या गाण्यांवर ती करत होती त्या हालचाली, या वयाच्या मुलांबद्दल आधी लिहिलेल्या वर्णनांपेक्षा जास्त गुंतागुंतीच्या होत्या. ओळखीचं घर, ओळखीचं गाणं, आणि मूल किती वेगळं दिसतं.

पण ती ‘तालात’ होती का, असं विचारलं की हिशोब कडक होतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद. लॅपटॉपचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांना एक. संध्याकाळी खोलीत एकच ट्यूब असेल तर अनेक कॅमेरे उजेड भरून काढायला सेकंदाला १५ वर येतात, आणि अंतर ६७ मिलिसेकंद होतं. मोठी माणसं यंत्राच्या ठोक्याबरोबर बोट आपटतात तेव्हा सहसा ठोक्याच्या काही दहा मिलिसेकंद आधीच आपटतात. हा फरक अशा चित्रणात हरवून जातो. त्यात आवाज आणि चित्र यांची नोंद एकाच क्षणी सुरू झाली याची खात्री नसते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बाळाच्या उसळ्यांची गती काढायची असेल तर सगळं चित्रण ८० मिलिसेकंदांनी पुढे सरकलेलं असलं तरी काही बिघडत नाही, कारण दोन उसळ्यांमधलं अंतर तेच राहतं. उसळी ठोक्यावर पडली की ठोक्याच्या मागे, हे सांगायचं असेल तर मात्र तेवढ्याने उत्तर पार बदलतं. घरातल्या चित्रणातून गती निघते, सम निघत नाही. आलेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवण्याआधी तो यांतला कुठला आहे हे मी आधी पाहते.

आवाजाची गंमत आणखी निराळी. व्हिडिओ कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं गोंगाट समजतात. बाळाने डब्यावर आपटलेला चमचा त्यांच्या दृष्टीने गोंगाटच, तो दाबला जातो. प्रतिध्वनी घालवणारी सोय तर खास लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येणारा आवाज पुसायला बनवलेली आहे. म्हणजे बाळ ज्या गाण्यावर नाचतंय ते गाणंच नोंदीतून गायब. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अभ्यासात या सोयी बंद करायची विनंती करता येते, झूममध्येही मूळ आवाज तसाच ठेवायचा पर्याय आहे. पालकांना हे सांगितलं नाही तर आठवडाभराच्या नोंदी हातच्या जातात.

प्रौढांसाठी एक देखणा उपाय मॅन्युएल अंग्लाडा-टॉर्ट, पीटर हॅरिसन आणि नोरी जेकबी यांनी २०२२ मध्ये मांडला. ‘रेप’ नावाच्या त्यांच्या पद्धतीत हेडफोन लावायचा नाही. गाणं स्पीकरमधून वाजतं, सहभागी लॅपटॉपच्या पृष्ठभागावर बोट आपटतो, आणि गाणं व आपटणं दोन्ही एकाच मायक्रोफोनमध्ये एकत्र नोंदली जातात. सुरुवातीला आणि शेवटी ओळखीचे खुणेचे आवाज असतात. संगणकाने कितीही उशीर लावला तरी तो दोन्हींना सारखाच लागतो, म्हणून वजा होतो. साधन महागडं नाही, विचार मोठा आहे.

पण दोन वर्षांच्या मुलाला ‘ठोक्याबरोबर इथे बोट आपट’ सांगून बघा. ते आधी संपूर्ण हाताने आपटेल, मग लॅपटॉप बंद करेल. बाळाच्या गादीवरच्या उसळीला आवाजही नसतो. शिवाय सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ मध्ये दाखवलंय की अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांची मुलं समोर माणूस ढोल वाजवत असेल तर जास्त चांगली जुळवून घेतात. यंत्र वाजवत असेल किंवा नुसता आवाज येत असेल तर कमी. म्हणजे मुलाला तालात आणणारी गोष्ट समोरचा माणूस, आणि इंटरनेट नेमका तोच हिरावून घेतं. पडद्यावरच्या ताईचा ठोका उशिरा पोचतो, मुलाचा ठोका तिच्यापर्यंत आणखी उशिरा. घरातल्या आईला जोडीदार केलं तर उशीर जातो, पण मूल आईशी जुळवतंय की आई मुलाशी, हा गुंता उरतो. माझ्या मते आईला फोनमधल्या ठोक्यावर वाजवायला लावून तिचा आणि मुलाचा आवाज एकाच नोंदीत घेणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. किम आणि शॅकनर या वाटेला गेल्या नाहीत. त्यांचा प्रश्न महिन्यांचा होता, आणि त्याला पालकाची रोजची नजर कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाची.

कोणाच्या घरांतली बाळं

आता त्या २७८ घरांकडे बघू. ८४.५ टक्के अमेरिकेतली. ८२.७ टक्के गोरी. ४६ टक्के घरांचं वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलर किंवा जास्त. संशोधकांनी हे आकडे निबंधाच्या सारांशातच दिले आहेत, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण ‘९० टक्के बाळं तेराव्या महिन्यापर्यंत नाचतात’ हे वाक्य बातमीत येतं तेव्हा हे आकडे गळून पडतात, आणि नाशिकच्या किंवा डिचोलीच्या आईला आपलं चौदा महिन्यांचं मूल मागे पडलंय असं वाटायला लागतं. त्या आकड्याचा तसा उपयोग करू नये. ती चाचणी नव्हे. आणि ९० टक्क्यांच्या बाहेरची १० टक्केही धडधाकट मुलंच असू शकतात.

संगीताबद्दलही जपून बोलायला हवं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये दाखवलं की उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन संगीतातल्या विषम तालांमधला बिघाड ओळखू येतो, आणि वर्षाच्या बाळांना आपल्या ओळखीच्या तालांतलाच नीट येतो. कानावर जे पडतं त्याने कान घडतो. ज्या घरात भजनी ठेका आणि रूपक तालाच्या सात मात्रा दोन्ही रोज ऐकू येतात, तिथलं बाळ कधी आणि कशावर डोलायला लागतं हे सॅन दिएगोच्या उत्तरांतून कळणार नाही.

मग महाराष्ट्रात हीच प्रश्नावली मोबाइलवर फिरवावी का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे ३८ टक्के होतं, गोव्यात सुमारे ७४. तेव्हापासून फोन वाढलेत, पण घरातला चांगला फोन बहुधा बाबांबरोबर कामावर जातो. लिंक पाठवली तर उत्तरं येतील ती पुणे-मुंबईतल्या सोसायट्यांमधून, आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांतूनही येतील. गडचिरोलीतून येणार नाहीत.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. ‘पालक’ म्हणून फॉर्म भरणार आई किंवा बाबा, आणि दिवसभर बाळाला बघणार आजी, मोठी बहीण नाहीतर पाळणाघरातल्या मावशी. पहिला नाच त्यांनी बघितलेला असतो. आई संध्याकाळी सातला घरी येते तोवर बाळ पेंगुळलेलं असतं. एकत्र कुटुंबात उत्तर कोणी द्यायचं हे ठरवल्याशिवाय इथला आकडा तिथल्या आकड्याशेजारी ठेवता येणार नाही.

मला वाटतं इथे इंटरनेट आणि माणूस यांची जोडी लावावी. अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजनं होतात, तेव्हा बाळाला घेऊन बहुतेकदा तेच माणूस येतं जे त्याला सांभाळतं. त्याला तीनच प्रश्न विचारावेत. गेल्या आठवड्यात गाणं लागल्यावर बाळ हललं का, आणि कसं? गाणं नसताना तसंच हलतं का? त्या वेळी त्याच्याजवळ कोण होतं? उत्तरं सेविकेच्या फोनवरून जातील. सेविकेच्या डोक्यावर आधीच कामाचा भार आहे, त्यामुळे या वेळेचं वेगळं मानधन अभ्यासाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत धरलं पाहिजे. महिन्यामागून महिना त्याच बाळाची नोंद होत गेली तर पहिल्या नाचाची तारीख कोणाला आठवावी लागणार नाही. ‘अजून नाही’ म्हणालेली बाळंही पुढच्या महिन्यात पुन्हा समोर असतील.